राखून सांगितलेला आकडा

मी, हरिबा धुळा कोळपे, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा पूर्वी मेंढपाळी, आता शेती आणि सवय सुटत नाही म्हणून थोडी मेंढपाळी, राहणार वडगाव रासाई, तालुका शिरूर, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र कोणाच्या दबावाखाली न येता, नशापाणी न करता, चष्मा लावून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. शाळा चौथीपर्यंतच झाल्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी घेत नाही. डोके ठिकाणावर आहे. हे वाक्य सगळेच लिहितात, पण मला ते सिद्ध करावे लागत आहे, कारण माझा मुलगा पोपटराव याच्यापाशी माझे डोके ठिकाणावर नसल्याचा कागद आहे. तेव्हा आधी त्या कागदाची हकिकत.

गेल्या माघात पुण्याहून मोनिका मॅडम नावाच्या डॉक्टरीणबाई आल्या. म्हातारपणी कोणाची आठवण टिकते, कोणाची जाते आणि यात रक्ताचा वाटा किती, याचा त्यांचा अभ्यास चालू होता. आमच्या घरात त्यांना घबाडच सापडले. आमची आई साठीनंतर सगळ्यांना विसरली. थोरली बहीण साखरबाई विधवा होऊन माहेरी आली तेव्हा चांगली शहाणी होती, आता सहा वर्षे झाली, मला रोज विचारते, "पाव्हणं कुठल्या गावचं म्हणायचं?" मी मात्र खणखणीत. मॅडम म्हणाल्या, "आबा, तुम्हाला आईकडून कुठलं जीन आलंय ते बघायचंय."

मी म्हणालो, "आईकडनं न्हाई, बापाकडनं आलंय. त्ये बघा, आढ्याला टांगलंय." आणि घोड्यावरचे जीन खाली काढून, धूळ झटकून दाखवले. मॅडम हसून हसून ओट्यावरच बसल्या. मग त्यांनी रक्तातले जीन समजावून सांगितले: अर्धे आईचे, अर्धे बापाचे. मला त्यात नवे काही वाटले नाही. कळपासाठी एडका निवडताना आम्ही दुसरे काय बघतो?

माझे आणि साखरबाईचे रक्त घेतले, आणि मग माझी परीक्षा. वार विचारला, सांगितला. मेंढरे किती विचारले, म्हणालो, चाळीस. थोड्या वेळाने फिरून विचारले, म्हणालो, तीसेक असतील. तिसऱ्यांदा म्हणालो, "हायत पाच-पन्नास." मॅडमनी लिहिले: आठवण कमजोर.

आता धनगराच्या पोराला विचारा, परक्याला मेंढरांचा खरा आकडा कोण सांगतो? नजर लागते. आणि खोटा आकडाही दोनदा तोच सांगू नये, अशी बापाची शिकवण आहे. त्या कागदाची नक्कल पोपटरावाने शिरूरला नेऊन लॅमिनेशन करून आणली आणि पारावर सांगितले, "आबांचं डोकं गेलंय. आता त्यांच्या सहीला किंमत न्हाई." त्याला साखरबाईची खोली पाडून ट्रॅक्टरला शेड करायची आहे, आणि तिला दौंडला सावत्र मुलाकडे पाठवायचे आहे. तो मुलगा तिला पाणीसुद्धा विचारणार नाही, हे पोपटरावालाही ठाऊक आहे.

मी मॅडमना बोलावून घेतले, मेंढरांच्या वाड्याच्या झापाशी, म्हणजे दाराशी, उभे केले आणि एकेक मेंढी तिच्या आईच्या व आजीच्या नावासकट सांगितली. त्यांनी वही घेऊन उलटसुलट विचारले. एक चुकली नाही. मॅडम म्हणाल्या, "म्हणजे तेव्हा तुम्ही खोटं बोललात!"

"खोटं न्हाई मॅडम, राखून बोललो. मेंढरं राखणारा बोलतोबी राखून."

त्यांचा नवा दाखला सोबत जोडला आहे. मात्र जाताना त्यांनी रक्ताचे सांगितले. जी खूण साखरबाईत आहे, तीच माझ्यातही निघाली. तिने धोका वाढतो, खात्री नसते. साखरबाईचे डोके का गेले आणि माझे का राहिले ते अजून शोधतोय, म्हणाल्या. त्या दिवशी मला भाकरी गेली नाही. भ्यालो होतो, ते लपवत नाही. म्हणून आठवते आहे तोवर लिहितो. एक जीन सोडले तर माझी सारी मिळकत स्वकष्टाची आहे.

एक. साखरबाईची खोली साखरबाईचीच राहील. तिला कोणी दौंडला हलवू नये. तिची देखभाल माझी नात हर्षदा करील आणि पुढे ती खोली हर्षदाची. उद्या मीही विसरलो तर मला त्याच खोलीत साखरबाईशेजारी बसवावे. दोघे एकमेकांना पाव्हणं-पाव्हणं म्हणत बसू.

दोन. नदीकाठचे दोन एकर, मोटर आणि पाइप पोपटरावाला. कष्टाळू आहे, नुसती घाई फार.

तीन. जीन मात्र त्याला नाही. मला न विचारता घोडे विकणाऱ्याला जीन कशाला? ते हर्षदाला. पोरीने परवा विचारले, "आबा, ती खूण माझ्यातबी असंल का?" मी म्हणालो, असेल, नसेल. पोरी, रक्तातले जीन निवडता येत नाही. हे तरी माझ्या खुशीने घे.

चार. लोकर कातरायची कातर सोपानरावांनी नेली, ती आठ वर्षे परत आली नाही. ती त्यांनी हर्षदाला द्यावी. ते या कागदावर साक्षीदार आहेत, तेव्हा हे कलम वाचल्याशिवाय सही करू नये.

पाच. माझे डोके गेले होते असे ज्याला म्हणायचे असेल, त्याने आधी झापाशी उभे राहून दहा मेंढ्या आईच्या नावासकट ओळखाव्यात. पोपटरावाला बकरी कोणती आणि मेंढी कोणती एवढेच कळते.

सहा. मेंढरे पोपटराव आणि हर्षदा यांनी निम्मी निम्मी घ्यावीत. वाटणीसाठी आकडा लागणारच. आजवर तो बायकोलाही सांगितला नाही. आज रोजी एकशे अकरा.

आकडा लिहून झाल्यावर मी साखरबाईला हाक मारली. म्हटले, "आक्का, आपली मेंढरं किती गं?"

तिने मला खालून वर न्याहाळले आणि म्हणाली, "असतील चार-दोन. तुमाला काय करायचंय, पाव्हणं?"

तिच्या डोक्यातून माझे नाव गेले, गाव गेले, पण बापाची शिकवण तिने अजून राखली आहे. माझेही सारे गेले, तर एवढे राहावे.

ठिकाण: वडगाव रासाई
दिनांक: १७ ऑगस्ट २००४

सही: हरिबा धुळा कोळपे

साक्षीदार:
१. ज्ञानदेव बाबू ठोंबरे
२. सोपानराव येसू शेंडगे (कलम चार वाचले. कातर सोमवारी आणून देतो.)