डाग देणाऱ्या भगताचे म्हणणे

प्रति,
मा. कक्ष अधिकारी,
निवासी शाळा समुपदेशन कक्ष,
जव्हार, जि. पालघर.

अर्जदार : ढवळू जिव्या भोये, वय ६१, धंदा मजुरी व भगतकी, रा. साखरशेतजवळचा पाडा, ता. जव्हार.

विषय : समुपदेशक श्रीमती उज्ज्वला घाटाळ यांना आमच्या आश्रमशाळेत परत पाठविण्याबाबत.

संदर्भ : आपला दि. १५ सप्टेंबर २०२५ चा आदेश. (मला पाठविलेला नाही. शाळेच्या फलकासमोर उभे राहून वाचला.)

महोदय,

वरील आदेशात लिहिले आहे की, उज्ज्वलाताईंनी "एका अज्ञात भोंदू इसमास" शाळेत बोलावून अंधश्रद्धेस खतपाणी घातले. म्हणून त्यांना शाळेतून उचलून आपल्या कार्यालयात बाकड्यांच्या याद्या करायला बसविले आहे. तो इसम मी. मी अज्ञात नाही. आपल्याकडचे दोन कर्मचारी नारळ घेऊन माझ्या अंगणात बसून गेलेले आहेत. भोंदू म्हणाल, तर त्याबद्दल खाली लिहितो.

१. आमच्या पाड्यावरील रोहिदासची मुलगी रविना त्या शाळेत सहावीत आहे. तिला सिकलसेल आहे. थंडी लागली, पाणी कमी पडले, जास्त पळाली की हाडे ठणकतात. गोळी रोज चालू आहे, परंतु कळ आली की लगेच दवाखाना लागतो. त्यासाठी तिने तोंड उघडायला हवे. ती उघडत नव्हती. दोनदा वर्गात पडली. शाळेने नाटकी ठरवून तिला प्रार्थनेनंतर उन्हात उभे केले.

२. पोर का सांगत नाही, हे कोणी विचारले नाही. ताईंनी विचारले. तेही साहेब विचारतात तसे नाही. महिनाभर मधल्या सुट्टीत तिच्याशेजारी बसून राहिल्या, तेव्हा ती एवढेच बोलली : "दुखला सांगला त बाबा भगताकडं नेल, न भगत डाग देल."
हे खरे आहे. तिच्या पोटावरचे तापल्या सळईचे दोन डाग माझ्या हातचे आहेत. ती तेव्हा चार वर्षांची होती. माझ्या बापाने मला हेच औषध म्हणून शिकविले होते. मला त्याची लाज वाटते. पोर माझ्या भीतीने दुखणे गिळत होती.

३. ताई पोलीस घेऊन आल्या नाहीत. घाट चढून एकट्या आल्या, कोरा चहा प्यायल्या, मी काय काय करतो ते विचारून गेल्या. अशा तीनदा आल्या. चौथ्यांदा म्हणाल्या, तिला भीती तुमची आहे, ती तुम्हीच काढा. म्हणून मी शाळेत गेलो. सगळ्या मुलींसमोर रविनाला सांगितले की, हे रक्तातले दुखणे आहे, कोणाची करणी नाही, आणि मी तुला पुन्हा कधीही हात लावणार नाही. आपण ज्याला खतपाणी म्हणता ते हे. मंत्र म्हटला नाही. लिंबूसुद्धा नेले नव्हते.

४. त्या दिवसापासून ती सांगू लागली. ताईंनी तिच्या बाकाजवळ पाण्याची बाटली ठेवविली, मास्तरांना समजाविले, तिच्या मैत्रिणींना काय करायचे ते शिकविले. वर्षभरात एकदाही पडली नाही. पाड्यावरून कोणी दुखणे घेऊन माझ्याकडे आले, तर मी आधी दवाखान्यात पाठवू लागलो. आजवर अकरा पोरे पाठविली. याबद्दल आपल्याकडून एक ओळ आली नाही. आदेश मात्र आला.

५. ताईंच्या जागी आपण भिंतीवर एक कागद लावला आहे. "मन मोकळे करा" आणि खाली फोन नंबर. शाळेत रेंज नाही. रेंजसाठी मागची टेकडी चढावी लागते. हाडे ठणकणाऱ्या पोरीने ती चढून आपल्याला हाडे ठणकतात असे कळवायचे, ही योजना कोणाच्या डोक्यातून निघाली ते कृपया कळवावे. शाळेच्या तब्येतीच्या वहीत रविनाच्या नावापुढे लिहिले आहे : "तक्रार नाही, सबब वेदना नाही." अशी वही मी ठेवली असती तर आपण मला आत टाकले असते.

६. रविना पुन्हा गप्प झाली आहे. आदेश फलकावर लागला तेव्हा तिने तो वाचला. तिने तोंड उघडले म्हणून ताई गेल्या, असे तिला वाटते. तिची आई रामी म्हणते, "पोर रातचा उशी चावं, पन बोलं नाय." थंडी सुरू झाली आहे. मागच्या मंगळवारी रोहिदास माझ्याकडे आला. म्हणाला, ताई गेल्या, शाळा काही बघत नाही, आता तूच काय ते कर. मी नाही म्हटले. तो उठला नाही. बाप आहे तो. किती वेळा नाही म्हणू, ते आपण सांगावे.

तरी ताईंना थंडी वाढायच्या आत परत पाठवावे. बाकडी कोणालाही मोजता येतील. ते जमत नसेल, तर रविनाला उचलून माझ्या दारात आणतील तेव्हा मी काय करावे, हे आपल्या सहीने लेखी द्यावे.

आपल्या आदेशातील इसम,
ढवळू जिव्या भोये
दि. २४ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१) फलकावरील आदेशाची हाताने केलेली नक्कल.
२) डाग देण्याची लोखंडी सळई, एक नग. ताईंनी ती कधी मागितली नव्हती. घरात राहिली तर लोक मागतात, म्हणून जमा करीत आहे. पोच द्यावी.