कूलर कोणाचा?

नागपूर,
१२ मे

प्रीतू बेटा,

जय भीम. इकडे सगळे बरे आहेत, म्हणजे उन्हात भाजून निघालो तरी जिवंत आहोत. तुझी सर्दी गेली का? पुण्यात पाऊस येऊन गेला म्हणे, इथे पारा खाली उतराले तयार नाही. फोनवर हे बोलता आलं नसतं. तुझे आबाजी बाजूले कान देऊन बसले राहतात. आता ते झोपले, म्हणून लिहून राहिली.

पेपरात तुझी मुलाखत आली. हवा दमट झाली की आपोआप पाणी बंद करणारा, फोनवर चालणारा तुझा कूलर! फोटो छान आला, गल्लीभर पेपर फिरला. पण खाली तुझं वाक्य: "आधीच्या पिढीने कूलरमध्ये फक्त पाणी ओतलं, डोकं आमच्या पिढीने लावलं." झालं! आबाजींचं टाळकंच सरकलं.

रोज सकाळपासून एकच कॅसेट. "कन्हानच्या खाणीत पंप चालवत होतो मी! सायकलच्या ट्यूबले भोकं पाडून खिडकीतल्या खसच्या ताटीवर पाणी सोडलं, तवा हिचा बाप..." तिथे आले की थांबतात, पाणी पितात अन् पुन्हा पहिल्यापासून सुरू. दूधवाल्याले सांगतलं, गॅसवाल्याले सांगतलं. काल शेजारची शामला कैरी मागाले आली तर तिलेही बसवून ठेवलं बिचारीले. रविवारी विहारात तुझा सत्कार आहे ना, तिथे माइक हिसकतो म्हणतात. मी म्हटलं, मामाजी, माइकचा शोध पण तुम्हीच लावला म्हणून सांगा! तवापासून माझ्याशी अबोला.

अन् तू फोनवर काय म्हणते, "आई, त्यांना समजाव, ट्यूबला भोक पाडणं म्हणजे टेक्नॉलॉजी नव्हे." मी काय तुमच्या दोघांची पोस्टमन आहे काय वं? वीट आला मले. एक म्हणते पाणी मी सोडलं, दुसरी म्हणते फोन मी जोडला. अन् मधात? पाणी आपोआप बंद करायचं कोणाले सुचलं, हे दोघांपैकी एकाच्याही तोंडून निघत नाही.

लहानपणी तुझी छाती कफानं भरायची. रात्रभर कूलर चालला की खोली ओली व्हायची अन् तुले घरघर लागायची, बंद केला की उकाड्यानं रडायची. तुझे बाबा हिंगण्याच्या कंपनीतून ड्यूटी करून यायचे अन् कूलर उघडून बसायचे. भंगारातल्या वॉशिंग मशीनचा टायमर काढून पंपाले लावला त्यांनी. थोडा वेळ पाणी, मग नुसती हवा. शॉक खाल्ले माणसानं! मी ओरडत होती, "कूलर बनवून राहिले की रॉकेट?" ते नुसते हसायचे. मोठी झाल्यावर तूच तो टायमर खोलून त्यांच्याजवळ शिकली. तू विसरली असती तर मले एवढा राग आला नसता.

आबाजींचं समजते मले. तुझे बाबा गेल्यापासून पोराचं नाव काढलं की म्हाताऱ्याले रडू येते. पण तू बाबांच्या नावाशी काहून थांबली? तुलेही तसंच होते का? होत असेल तर तसं सांग ना मले, दोघी मिळून रडू. पण पिढीच्या नावावर खपवू नको.

सत्काराची पत्रिका आली. त्यावर "प्रीती गोंडाणे" एवढंच. शाळेच्या दाखल्यापासून तीन नावं लिहीत आलो आपण, अन् इथे मधात कोणीच नाही.

आबाजींले मी धरून बसवते, माइकची काळजी करू नको. पण तू त्या माइकवर तुझ्या बाबांचं नाव घेतलं नाही, तर मी पहिल्या रांगेतून उठून जाईन. सगळ्यांसमोर जाईन, सांगून ठेवते.

वेळेवर जेवत जा.

तुझी आई,
गोपिका धम्मानंद गोंडाणे