अहो हे विशेषनाम

प्रिय अगं,

पत्र बघून घाबरू नकोस, मी ठणठणीत आहे. रोज फोनवर बोलतो तरी हा माणूस पत्र कशाला लिहितोय, असं तुला वाटेल. फोडायच्या आधी तू पाकीट दिव्यासमोर धरून बघशील, तेही मला माहीत आहे. पण फोनवर मागे नातीची, आपल्या पिटुकलीची, रडारड चालू असते, लेक कामावर निघायच्या घाईत असते, आणि तू एकदा ‘अहो, जेवलात का’ असं विचारलंस की मला जे सांगायचं असतं ते राहूनच जातं. ‘हो, जेवलो’ म्हणतो आणि फोन ठेवतो. कागदावर तुला मला मध्येच तोडता येत नाही, हा पत्राचा एकमेव फायदा.

आधी घरचं सांगतो. दुकानाच्या दर्शनी काचेला तडा गेला होता, ती बदलून घेतली. समोरच्या किल्लीवाल्याला अखेर चष्मा लागला. इतकी वर्षं ‘माझे डोळे माझ्या बोटांत आहेत’ म्हणून मिरवत होता, परवा एका बाईंना भलत्याच कुलपाची किल्ली दिली आणि दुकान बंद करायच्या वेळी हळूच माझ्याकडे आला. तुझी कुंड्यांतली झाडं एक सोडून सगळी जिवंत आहेत. ते एक कुठलं, ते विचारू नकोस. स्वयंपाकाचंही विचारू नकोस. पोट भरतं.

क्लासला मी परीक्षेपर्यंत जात होतो. लाँड्रीच्या वरची तीच खोली, खालून इस्त्रीची वाफ वर येते आणि फळ्यावरचा खडू ओला होतो. परदेशात लेकीकडे कायमचं राहायला यायचं तर दोघांनी आधी इंग्रजी व्याकरणाची परीक्षा पास व्हा, असं तिथल्या व्हिसाच्या कचेरीने कळवलं, तेव्हा तू हसली होतीस आणि मी ते पत्र पुन्हा पुन्हा वाचत बसलो होतो. तू पहिल्या बाकावर जाऊन बसलीस, मी शेवटच्या. चष्मेवाल्याने लांबून फळा वाचून दाखवला पाहिजे, असं मी कारण दिलं होतं. खरं कारण तुला तेव्हाच कळलं होतं, आणि तू ते वर्गात कुणाला सांगितलं नाहीस याचे मी मनात अजून आभार मानतो.

आपल्या क्लासच्या बाई अजून तशाच आहेत. पोरवयात त्यांना पहिला चष्मा मीच लावला होता, आठवतं ना? खुर्चीत बसून मुळुमुळु रडत होत्या, मुली चिडवतील म्हणून. मी त्यांना लाल फ्रेम काढून दिली आणि आरशासमोर उभं केलं, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. आता त्या माझा पेपर तपासतात आणि मी खाली मान घालून उभा राहतो. लाल शाई वापरत नाहीत माझ्यासाठी. हिरवी वापरतात. वर्गातल्या तरुण पोरांच्या पेपरावर लाल आणि काकांच्या पेपरावर हिरवी, म्हणजे काकांची गत काय आहे ते सगळ्या वर्गाला कळतं. पण बाईंचा जीव चांगला आहे, म्हणून मी मूग गिळून गप्प बसतो.

शब्दांच्या जाती शिकवल्या तो दिवस माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. बाई म्हणाल्या, उद्गारवाचक शब्दाचं एक उदाहरण सांगा, तर तू हात वर करून ‘अहो’ म्हणालीस. बाई म्हणाल्या, ठीक आहे, मराठीतलं चालेल. मग त्यांनी विशेषनाम विचारलं, एकाच माणसाचं असतं असं नाव, तर तू पुन्हा हात वर केलास आणि पुन्हा ‘अहो’ म्हणालीस. बाई गोंधळल्या. तू शांतपणे त्यांना समजावलंस की इतरांसाठी तो उद्गार असेल, माझ्या घरात ते एकाच माणसाचं नाव आहे आणि तो मागे शेवटच्या बाकावर लपून बसलाय. सगळा वर्ग हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आता मात्र तेच सारखं आठवत बसतो.

तुला व्याकरण कसं जमलं, याचा मी पुष्कळ विचार केला. तू चुकायला घाबरली नाहीस. टेबलाला चुकून भलतंच काही म्हणायचीस, बाईंनी सुधारलं की दुसऱ्या क्षणी नीट म्हणायचीस आणि पुढे जायचीस. माझं प्रत्येक ठिकाणी अडायचं. खुर्ची ‘ती’ असते, मग तिला इंग्रजीत ‘शी’ का नाही, यावर मी बाईंशी अर्धा तास हुज्जत घातली. शेवटी त्या म्हणाल्या, “काका, त्यांच्या खुर्चीला कुणी बाई मानत नाही, तुम्ही तरी किती मान द्याल?” घरी येताना तू म्हणालीस की खुर्चीसाठी एवढे भांडलात, माझ्यासाठी कधी भांडला नाहीत. हसत म्हणालीस, पण मला ते लागलं होतं.

सगळ्यात जास्त छळलं ते शब्दयोगी अव्ययांनी. आपल्याकडे माणूस आधी येतो, मग त्याला ‘साठी’, ‘कडे’, ‘शिवाय’ चिकटतं. त्यांच्याकडे उलटं. आधी ‘फॉर’, आधी ‘टू’, आधी ‘विदाउट’, आणि मग माणूस. वर्गात नियम घडाघडा म्हणायचो आणि पेपर लिहिताना हात आपला मराठीच्या वाटेने जायचा. तू गेल्यावरच्या पहिल्या चाचणीत ‘विदाउट’ वापरून वाक्य लिहा असं आलं होतं. मी लिहिलं, ‘आय माय वाइफ विदाउट लिव्ह.’ बाईंनी हिरव्या शाईने खूण केली आणि मला थांबवून म्हणाल्या, “काका, विदाउट आधी, माणूस नंतर.” मी म्हणालो, “अहो, पण आधी माणूस कळल्याशिवाय कुणावाचून राहतोय ते कसं कळणार?” त्या फळा पुसायला वळल्या आणि पुसलेलाच भाग पुन्हा पुसत राहिल्या.

माझा जन्म लोकांचे डोळे तपासण्यात गेला. भिंतीवर इंग्रजी अक्षरांचा तक्ता, नाकावर ती जड चौकट, एकामागून एक भिंग घालायचं आणि विचारायचं, आता बरं दिसतं की आधी बरं होतं. अक्षर चुकीचं सांगितलं तरी माझ्याकडे कुणी नापास होत नाही. चुकलं की त्याचा अर्थ एवढाच, की भिंग बदलायला हवं. लोकांना उगाच लाज वाटायची, तेव्हा मीच त्यांना म्हणायचो, अंदाज करू नका, दिसतं तेवढंच सांगा. इथे तसं कुणी म्हणत नाही. कुणी भिंग बदलत नाही. माझ्या तक्त्यावरची अक्षरं मला पाठ आहेत, गं, पण ती एकमेकांशेजारी उभी राहिली की मला त्यांतलं काही दिसत नाही.

तू पास झालीस तो कागद आला, त्या दिवशी मी दुकानात दिवसभर एकच भिंग पुसत होतो. आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू, आणि त्याच वेळी मी मात्र मागे राहिलो हेही कळलं होतं. तू ठरवलं होतंस की माझं झाल्याशिवाय जायचं नाही. मग जावईबापूंनी लेकीला सोडून वेगळं घर केल्याचं कळलं, आणि पिटुकलीच्या अधू डोळ्याचं कळलं, आणि ठरवलेलं बाजूला राहिलं. विमानतळावर तू काचेच्या दारापलीकडे गेल्यावर वळून ‘अहो’ म्हणालीस. ऐकू आलं नाही, ओठ दिसले. त्यानंतर काहीतरी लांबलचक म्हणालीस, ते मला कळलं नाही, आणि फोनवर विचारलं तर तुला आठवेना. बहुतेक गॅसचा कॉक बंद करायला सांगितला असेल. मी त्या दिवशी तो बंद केला होता.

गेल्या महिन्यातल्या परीक्षेचं मी तुला फोनवर ‘बरी गेली’ असं सांगितलं. ती कशी गेली ते आता सांगतो. मोठी खोली, प्रत्येकापुढे संगणकाचा पडदा, आणि पडद्याच्या कोपऱ्यात उलटं पळणारं घड्याळ. आजूबाजूला सगळी माझ्या लेकीहूनही लहान वाटतील अशी पोरं. पहिले प्रश्न मला बरे गेले. नाम कुठलं, क्रियापद कुठलं, विशेषण कुठलं, खाली रेघा ओढत गेलो. मग उलटसुलट दिलेले शब्द नीट लावा असं आलं, आणि त्यात ते ‘विदाउट’ होतं. मी हात आवरला. मनात म्हणालो, आज चुकायचं नाही. शब्द उचलून इकडचे तिकडे केले, पुन्हा वाचलं, पुन्हा तपासलं, तू मागे उभी राहून बघते आहेस असं वाटेपर्यंत तपासलं. ते वाक्य बरोबर आलं, अगं. ‘विदाउट’ आधी आणि माणूस नंतर. आणि मान वर करून बघतो तर घड्याळ संपत आलेलं आणि खाली अर्धी परीक्षा तशीच पडलेली. पडदा आपोआप बंद झाला. माझा हात टेबलावर तसाच राहिला.

निकाल लागला नाही, असं मी तुला आठवडाभर सांगतोय. तो लागून गेलाय. कागद घेऊन बाईंकडे गेलो तर त्यांनी वाचला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, “काका, मीच कमी पडले.” मी म्हणालो, “डोळ्याचा दोष चष्म्यावर ढकलू नये.” त्यांनी कचेरीला फोन लावला, विनवण्या केल्या, वयाचं सांगितलं. पलीकडचा माणूस नम्रपणे तेच तेच म्हणत राहिला. ही शेवटची संधी होती, फाइल बंद झाली. बंद फाइलवाल्याला पाहुणा म्हणूनही आता कित्येक वर्षं येता येत नाही. कुणाशी भांडावं तर समोर माणूसच नाही. माझी अक्कल संपली आहे, आणि दुसऱ्या कुणाची उसनी आणावी असंही कुणी उरलेलं नाही.

आता मूळ सांगतो, ज्यासाठी लिहायला बसलो. तू निघताना म्हणाली होतीस, पास झालात तर तुम्ही या, नाही झालात तर मी पुढच्या विमानाने परत. तू बोलतेस ते करतेस, म्हणूनच मी निकाल दाबून ठेवला. येऊ नकोस. तू एकदा तिथून निघालीस की तुझीही तिथे राहायची परवानगी जाते, ते तुला माहीत आहे. आणि पिटुकलीच्या चष्म्याचा नंबर तू मला वाचून दाखवलास तेव्हा मी गप्प झालो होतो, त्याचं कारण मी तुला सांगितलं नव्हतं. त्या डोळ्याला शिकायला ही थोडीच वर्षं आहेत. चष्मा जागेपणी सतत नाकावर राहिला तर तो डोळा बघायला शिकेल, नाहीतर पुढे कितीही भारी भिंग लावलं तरी शिकणार नाही. असे लोक माझ्याकडे येतात, मोठे झालेले, आणि मला त्यांना परत पाठवावं लागतं. लेक दिवसभर कामावर. पाळणाघरात तो चष्मा नाकावर टिकत नाही, तो फक्त तुझ्याच मांडीवर टिकतो, हे लेकीने मला तुझ्या नकळत सांगितलंय. माझं शिकायचं वय गेलं, तिचं आत्ता आहे. तिच्या मापाची मऊ फ्रेम केली आहे, मागे बांधायला पट्टी आहे, यासोबत पाठवतो. तिला ओढू दे, फेकू दे, तू पुन्हा घाल. ती बोलायला लागली आणि आजोबांचं नाव काय म्हणून विचारलं, तर वर्गात बाईंना सांगितलंस तेच सांग. आणि हे पत्र मिळालं की फोनवर याविषयी काही बोलू नकोस. तू रडलीस तर मी ‘ये’ म्हणेन, माझा भरवसा नाही. नेहमीसारखं ‘अहो, जेवलात का’ एवढंच विचार. त्यावरून मी समजेन, की तू थांबते आहेस.

तुझाच,
अहो