तुतीचं झाड तीन फूट सरकवल्याबद्दल

तीर्थरूप मामांना,

हातातला ब्रश खाली ठेवून, हात पुसून, मगच ते जोडून नमस्कार. (मागच्या पत्रावर निळ्या बोटांचे ठसे उमटले होते आणि मामींना वाटलं की ते पोलिसांनी घेतलेत, म्हणून ही खबरदारी.) तुमचा गुडघा आता कसा आहे? जिना चढताना दुखतो की उतरताना, ते नीट लिहा, कारण आई म्हणते चढताना, बाबा म्हणतात उतरताना, आणि त्यावरून दोघांनी दोन दिवस अबोला धरला होता. मामींचा खोकला थांबला का? मी इथे ठणठणीत आहे. नाकाचं साल निघालंय आणि डाव्या कानावर एक हिरवा डाग पडलाय तो काही केल्या जात नाही, एवढंच.

तुम्हाला आठवत असेल, मला चित्रकलेच्या कॉलेजात घालायचं ठरलं तेव्हा तुम्ही बाबांना समजावलं होतं की हे बसून करायचं काम आहे, डोक्यावर पंखा असतो, यंत्रात हात सापडायची भीती नाही. बाबा शेवटी हो म्हणाले, पण एक अट घालून. एका जरी वर्षी नापास झाले, तर घरी परतायचं आणि आपल्या चष्म्याच्या दुकानात काउंटरमागे बसायचं. मला चष्म्यांचा राग नाही. पण दिवसभर लोकांना 'आता दिसतंय का, आता दिसतंय का' असं विचारत राहायचं, ही कल्पना मला सोसत नाही. तर मामा, पहिलं वर्ष पंख्याखाली सुखात गेलं. दुसऱ्या वर्षी लँडस्केप आलं, म्हणजे निसर्गचित्र, आणि तुम्ही दिलेली सगळी आश्वासनं एकदम रद्द झाली.

खरं सांगायचं तर मी आधी लँडस्केपही पंख्याखालीच करत होते. हॉस्टेलच्या खोलीत एक कॅलेंडर आहे, त्यावर तळं आणि डोंगर. त्यावरून मी तीन चित्रं काढली, तळ्याचे रंग बदलून. लँडस्केपच्या सरांनी (हे उंच आहेत, कमी बोलतात आणि चित्र बघताना मान इतकी तिरकी करतात की मुलं चित्रच तिरकं लावून ठेवतात) तिन्ही पाहिली आणि विचारलं की भरदुपारी आकाशात पांढरं गोल काय आहे. मी म्हटलं, चंद्र. सर म्हणाले, तिन्ही दिवस तिथेच? तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते कॅलेंडरचं खिळ्यात अडकवायचं भोक होतं. मी ते फार मन लावून रंगवलं होतं, थोडी सावलीसुद्धा दिली होती.

शिक्षा अशी झाली की एकच जागा निवडायची, तिथे प्रत्यक्ष बसून महिनाभरात दहा चित्रं करायची, नाहीतर परीक्षेला बसता येणार नाही. मी पाण्याच्या टाकीमागची एक गल्ली निवडली. गल्लीच्या टोकाला दोन घरं आहेत. एकात निवृत्त हेडमिस्ट्रेसबाई राहतात, दुसऱ्यात दाताचे डॉक्टर, त्यांचा दवाखाना खालीच. मध्ये विटांची एक जुनी भिंत, आणि भिंतीपाशी तुतीचं भलंमोठं झाड. झाडाखाली एका इस्त्रीवाल्याची गाडी. ही जागा मी सौंदर्यासाठी निवडली नव्हती. तिथे सावली होती.

आता सावलीचा एक दुर्गुण असा की ती एका जागी थांबत नाही. पहिल्या दिवशी सकाळी आठला मी स्टूल टाकलं. नऊला ऊन पायावर आलं, तशी थोडी सरकले. दहाला पुन्हा सरकले. दुपारपर्यंत बोर्डासकट मी बाईंच्या घराला अर्धी प्रदक्षिणा घातली होती, आणि दर वेळी समोर जे दिसेल ते इमानदारीने काढत होते. सरांनी ते चित्र बघून विचारलं, हे घर कुणी उलगडलं? त्यात पुढचं दार होतं, मागचं दार होतं आणि मोरीचा पाइप दोनदा होता. सावल्या तीन दिशांना पडल्या होत्या. तुझ्या गल्लीत सूर्य किती, असंही त्यांनी विचारलं. मी एकच म्हटलं, पण माझा आवाज ठाम नव्हता.

दुसरं चित्र वाऱ्याने नेलं. ते दवाखान्याच्या खिडकीतून आत गेलं आणि तोंड उघडून बसलेल्या एका पेशंटच्या तोंडावर जाऊन बसलं. त्यांना उपचारानंतर नाकाला पिवळा रंग कसा लागला ते कळलं नाही, आणि आम्ही कुणी सांगितलं नाही. तिसऱ्या चित्राच्या वेळी इस्त्रीवाले काका प्रथम बोलले. तोवर ते माझ्याकडे नुसतं, एखाद्या न निघणाऱ्या सुरकुतीकडे बघावं तसं बघत होते. म्हणाले, पोरी, हे झाड तू सरळ का काढलंस, ते वाकडं आहे. मी म्हटलं, झाडं सरळ असतात. त्यांनी एक शर्ट उचलून माझ्यासमोर धरला आणि सुरकुतीची एक बाजू उजळ, दुसरी काळी कशी ते दाखवलं. ते म्हणाले की तीस वर्षं त्यांना सुरकुत्या बघूनच कळतं ऊन कुठून येतंय, घड्याळ लागत नाही. मामा, त्या दिवशी दोन तास मी चित्र काढलंच नाही. नुसते शर्ट बघितले. (एक परकरही होता, पण तो काकांनी लगेच घडी केला.) नंतर झाडाकडे बघितलं तर त्याच्या सालीलासुद्धा तशाच सुरकुत्या, आणि प्रत्येकीला एक उजळ बाजू. इतके दिवस ती कुठे गेली होती कोण जाणे.

चौथं चित्र छान झालं, आणि इथूनच घोटाळा सुरू झाला. झाड बरोबर मध्ये येत होतं आणि त्यामुळे चित्राचे दोन तुकडे पडत होते. पुस्तकात लिहिलंय की मुख्य वस्तू मधोमध नसावी. म्हणून मी झाड उचललं आणि तीन फूट डावीकडे, म्हणजे डॉक्टरांच्या अंगणात ठेवलं. भिंतही सरळ केली. चित्र एकदम खुललं. डॉक्टर बाहेर आले, त्यांनी ते बघितलं, पुन्हा बघितलं आणि म्हणाले, हे मला हवं. मामा, माझं चित्र मागणारा हा जगातला पहिला माणूस. मी ते तिथल्या तिथे देऊन टाकलं. मोबदल्यात त्यांनी माझे दात फुकट साफ करून दिले, आणि मी चकचकीत दातांनी दोन दिवस हसत फिरले.

मला काय माहीत की त्या झाडावरून दोन्ही घरांत सहा वर्षं तंटा चाललाय? तुतीची जांभळी फळं डॉक्टरांच्या पांढऱ्या गाडीवर पडतात आणि पेशंट जांभळ्या चपलांनी आत येतात, म्हणून डॉक्टरांना झाड तोडायचं होतं. बाई म्हणत, झाड माझं आहे, हात लावाल तर खबरदार. नगरपालिकेच्या झाडांच्या साहेबांकडे दोघांचे अर्ज पडून होते. साहेबांना झाड बघायला येता आलं असतं, ते कुठे पळणार होतं? पण फाइलला कागद लागतो. तिऱ्हाइताने काढलेला नकाशा किंवा चित्र जोडा, असा त्यांनी शेरा मारला होता. डॉक्टरांनी माझं चित्र जोडलं. त्यात झाड स्वच्छ त्यांच्या अंगणात उभं होतं, खाली माझी सही, तारखेसकट. गुरुवारी अकराला साहेब अखेरची पाहणी करायला येणार होते.

हे मला सोमवारी बाईंकडून कळलं. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. स्टुलाशेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी विचारलं,

"झाड कुठे आहे, सांग पाहू."

मी म्हटलं, भिंतीपाशी.

"मग तिकडे का काढलंस?"

"तिकडे छान दिसत होतं."

त्यांनी आधी झाडाकडे बघितलं, नंतर डॉक्टरांच्या अंगणाकडे. मग म्हणाल्या, "छान दिसावं म्हणून माझं झाड तू शेजाऱ्याला देऊन टाकलंस."

त्या आत गेल्या आणि दार हळूच लावलं. मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं की ब्रश धुवायचाही राहिला. काका म्हणाले, चुरगळलं असेल तर पुन्हा पाणी मारायचं आणि पुन्हा फिरवायची.

मग मी मंगळवार आणि बुधवार सकाळी आठ ते अकरा तिथेच बसले. रोज तेवढेच तीन तास, म्हणजे ऊन तेच राहील. ऊन पायावर आलं तरी जागा सोडली नाही. (नाकाचं साल त्यातच गेलं.) आकाश काढलं नाही, घरंही अर्धीमुर्धीच आली. फक्त भिंत आणि बुंधा. विटा मोजल्या, डावीकडे एकतीस, उजवीकडे सव्वीस. मोजताना दिसलं की मधल्या पाच कुठे दिसतच नाहीत. जवळ जाऊन बघते तर झाडाने भिंत गिळली होती. भिंतीच्या दोन्ही अंगांनी बुंधा वाढत वाढत एक झाला होता आणि सालीच्या एका फटीतून एका विटेचा कोपरा बाहेर डोकावत होता, दातात अडकल्यासारखा. मी हे झाड चार वेळा काढलं होतं, मामा. चार वेळा.

गुरुवारी साहेब आले. हातात फाइल, फाइलला माझं चौथं चित्र टाचलेलं. डॉक्टर पांढऱ्या कोटात, बाई काठी घेऊन, काका गरम इस्त्री हातात धरून (त्यांना ती ठेवायला सुचलं नाही). मी पुढे होऊन नवं चित्र त्यांच्यासमोर धरलं. साहेबांनी विचारलं, यातलं खरं कुठलं? मी म्हटलं,

"दुसरं खरं आहे. पहिल्यात मी झाड सरकवलं होतं."

साहेब चित्रात बराच वेळ बघत होते. मग बोट ठेवून विचारलं की हे लाल काय आहे. मी म्हटलं, वीट. झाडात वीट कशी असेल, असं म्हणत ते स्वतः झाडाकडे गेले आणि फटीत बोट घालून चाचपून आले. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा जरा वेगळा झाला होता. त्यांनी जाहीर केलं की झाड भिंतीवर आहे, भिंत दोघांची आहे, तेव्हा झाडही दोघांचं आणि दोघांच्या सह्यांवाचून तोडता येणार नाही. बाईंनी ताबडतोब सांगितलं की त्या सही करणार नाहीत, लिहून घ्या. मला वाटलं, संपलं. पण साहेबांनी पेनचं टोपण लावलं नव्हतं. त्यांनी मला विचारलं की झाड सरकवताना परवानगी कुणाची घेतली होती. मी सांगितलं की फक्त चित्रात सरकवलं. ते म्हणाले, फाइलमध्ये चित्रच आहे. आणि त्यांनी लिहिलं की सदर झाड विनापरवाना तीन फूट हलविल्याचे संबंधित विद्यार्थिनीने समक्ष कबूल केले.

चार दिवसांनी कॉलेजात नोटीस आली. पंधरा दिवसांत झाड मूळ जागी पूर्ववत करून पुरावा सादर करावा. ऑफिसातल्या क्लार्कबाईंनी ती दोनदा वाचली आणि माझे दंड बघितले. मी विटांच्या चित्राची नक्कल काढून नेऊन दिली. साहेबांनी ती डोळ्यांसमोर धरली आणि 'झाड पूर्ववत आढळले' असा शिक्का मारून फाइल बंद केली. शेवटी डॉक्टरांनीच आपली पांढरी गाडी तीन फूट सरकवली. (तिला परवानगी लागली नाही.) चौथं चित्र मात्र त्यांनी साहेबांकडून परत मागून घेतलं आणि दवाखान्यात लावलं. सोफ्याला ते शोभतं म्हणे.

विटांचं मूळ चित्र मी सरांसमोर ठेवलं तेव्हा त्यांनी मान तिरकी केलीच नाही. सरळ उभे राहून बघितलं आणि विचारलं, हे झाड कुठे आहे? मी पत्ता सांगितला. त्यांनी तो लिहून घेतला आणि पुढच्या मुलाचं चित्र हातात घेतलं, मी रडवेली होऊन हॉस्टेलवर आले. रविवारी सकाळी आठवं चित्र करायला गल्लीत गेले, तर माझ्या जागेवर कुणीतरी स्टूल टाकून बसलेलं. सर होते. समोर बोर्ड, पाय उन्हात. मला बघून त्यांनी स्टूल थोडं बाजूला घेतलं. अकरापर्यंत आम्ही शेजारी शेजारी बसून तीच वीट काढली. काकांच्या मते माझी बरी आली आहे.

मामींना नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमची भाची

ता. क. परीक्षेला बसायची परवानगी मिळाली, ही आनंदाची बातमी लिहायची राहिलीच होती.

ता. क. दुसरा. साहेबांनी मला कायमचा पत्ता विचारला होता आणि मी खरं बोलायच्या भरात तोही खरा सांगितला. नोटिशीची एक प्रत घरी गेली आहे. बाबांनी दुकान बंद करून ती वाचली आणि पुढच्या गाडीने निघून ये असं कळवलं. आईने त्याच पत्राच्या कडेला लिहिलंय की झाड हलवण्याइतकी ताकद आली म्हणजे हॉस्टेलचं जेवण मानवलं हो. तेव्हा मामा, पत्र मिळताच बाबांकडे जा आणि तुमच्या पद्धतीने समजावा. हे सगळं पत्र त्यासाठीच लिहिलं आहे.

ता. क. तिसरा. मी घाबरून बाबांना लिहिलं की झाड मी एकटीने हलवलं नाही, मामा सोबत होते. तेव्हा त्यांनी विचारलंच, तर दुसऱ्या बाजूने तुम्ही धरलं होतं, एवढं म्हणा.