न विचारता फुप्फुस काढू नये

ती. ताईस, धाकट्या भावाचा वाकून नमस्कार.

तुझे गुडघे, भावोजींची साखर आणि तुम्हा दोघांचं भांडण, तिन्ही आटोक्यात असतील असं धरून चालतो. इकडे मी सोडून सगळे ठणठणीत आहेत.

माझा खोकला म्हणजे दमा नव्हताच. (शेजारच्या मांजराला हिने उगाच गल्लीभर पळवलं, ते निर्दोष सुटलं.) थुंकीतून रक्त पडलं, तेव्हा दुर्बीण घालून बघितलं आणि डाव्या फुप्फुसाच्या नळीत कार्सिनॉइड नावाची गाठ निघाली. जात कॅन्सरचीच, पण वाढते अगदी सवडीने, आणि इतकी दुर्मीळ की शिकाऊ डॉक्टरांचा घोळकाच्या घोळका मला बघायला येतो. आपल्या घराण्यात दुर्मीळ असं पहिल्यांदाच काही निघालं, म्हणून मीही भांग पाडून बसतो.

सर्जनबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. म्हणाल्या, गाठीसकट नळीचा तुकडा कापायचा आणि दोन्ही टोकं शिवून जोडायची, म्हणजे बरंचसं फुप्फुस वाचतं. मी विचारलं, जोड गळत नाही हे कसं कळणार? तर म्हणे, छातीत पाणी भरून हवा सोडतात आणि बुडबुडे बघतात! सायकलच्या दुकानात जन्म काढलेल्या माणसाला आणखी काय हवं? सोल्युशन नीट वाळू द्या, असा सल्लाही मी देऊन टाकला. (ही टेबलाखालून माझा पाय दाबत होती.) मग बाई म्हणाल्या, कापलेल्या टोकांवर गाठीचा अंश सापडला, तर मात्र अख्खं डावं फुप्फुस काढावं लागेल. मी साफ सांगितलं, गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय मी कधी अख्खी ट्यूब बदललेली नाही, तुम्हीही बदलायची नाही.

"काका, तुम्ही तर बेशुद्ध असाल. विचारू कुणाला?"

मी हिच्याकडे बोट दाखवलं आणि विषय संपवला.

ऑपरेशन सोमवारी आहे. तू दगदग करून येऊ नकोस. मी अजिबात घाबरलेलो नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. हिला कुणीही काहीही विचारलं, अगदी भूक लागलीय का म्हणून, तरी ही "ह्यांना विचारून सांगते" म्हणते, हे मला घरी आल्यावर आठवलं. सोमवारीही तेच म्हणेल, आणि मी आत छाती उघडून पडलेलो असेन. तेव्हा तू रविवारीच ये.

आणखी एक. बाई बाहेर आल्या, तर माझा हट्टबिट्ट काही मनात आणू नकोस. "काढा" म्हण, आणि पटकन म्हण. मला जगायचंय, ताई.