दोन गाड्या, एक हात

अकोला, ६ जानेवारी १९६८

ती. सौ. ललिताताईस,
धर्मपालचा सप्रेम जयभीम. वि. वि.

रेडिओ दुरुस्तीचं दुकान मालकानं बंद केलं. मी घरी बसलोय आणि आई जिनात कापूस निवडायला जाते. खोकून खोकून तिचा जीव अर्धा झालाय. मला फार भीती वाटते.

तुमच्याकडच्या तंत्रशाळेत रेडिओ शिकवायची एकच जागा आहे. अर्जदारांत मी आणि भाऊजी दोघेच उरलो. मुख्याध्यापकांनी शर्यत ठेवलीय. हातातल्या रेडिओपेटीनं दुरून आपापली छोटी मोटार चालवायची, जिंकेल त्याची नेमणूक.

विचारू नये, तरी विचारतो. भाऊजींची गाडी पळते कशी? माझी वळणं नीट घेते, पण सरळ रस्त्यावर रडते. मागे त्यांच्यासाठी पेटीची लहर ठरवणारा वेगळा क्रिस्टल काढला, तेव्हा आई आडवी आली होती. "जावयाले येगळं, हलकं नोको देऊ. तुह्यापाशी हाये तसंच दे." दिला तसाच. आता माझंच देणं माझ्यावर उलटेलसं वाटतं.

तुझ्या मायेचा भुकेला,
धर्मपाल

अमरावती, ११ जानेवारी १९६८

चि. धर्मपाल यास,
अनेक आशीर्वाद.

तुझी गाडी म्हणजे वरातीतली बैलांची दमणी, असं हे हसत म्हणतात. डालड्याच्या डब्याच्या पत्र्याची यांची गाडी सुटली की गल्लीतली कुत्री मागे पडतात. पण वळणावर कलंडते. हे तुला सांगते म्हणजे यांच्याशी बेइमानी, न सांगावं तर तुझ्याशी.

गिरणीतून यांना कमी केल्याचं आईला सांगू नको. माझे दिवस भरत आलेत, म्हणून हे आपलं पोट भरलं म्हणतात आणि स्वतःची भाकर माझ्या ताटात सरकवतात. मी कोणाचं भलं चिंतू? मैदानावर मी येणार नाही. आईला ज्येष्ठमध दे.

दोघांतही अडकलेली,
तुझी ताई

अकोला, २४ जानेवारी १९६८

ती. सौ. ललिताताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

घरी न येता परतलो म्हणून रागावू नको. तोंड दाखवण्याचं बळ नव्हतं.

पहिल्याच फेरीत मी डावीकडे वळवलं, तर भाऊजींचीही गाडी डावीकडे. त्यांनी उजवीकडे घेतलं की माझीही उजवीकडे. आईच्या आग्रहानं दोघांकडे एकाच लहरीचा क्रिस्टल, म्हणून दोन्ही गाड्या दोन्ही पेट्यांचं ऐकत होत्या. आम्ही त्या कधी एकत्र चालवून पाहिल्याच नव्हत्या. भाऊजी घाबरून पेटीवर थापा मारायला लागले. मला तुझ्या ताटातली भाकर आठवली. मी माझी पेटी बंद करून खाली ठेवली.

पुढे दोन्ही गाड्या त्यांनीच चालवल्या, त्यांना कळलंही नाही. त्यांची शेवटच्या वळणावर उलटली, माझी रखडत पोचली. मुख्याध्यापकांनी हात पुढे केला. ताई, मी तो धरलासुद्धा. आईचा खोकला कानात घुमत होता. मग सांगून टाकलं, गाडी माझी, पण हात भाऊजींचा होता. नेमणूक त्यांची झाली, हे तुला कळलंच असेल.

घरी आईनं विचारलं, "कोनाची गाडी आली रे?" आपलीच, म्हणालो. "मंग नोकरी?" घरातच राहिली, म्हणालो.

"बरं केलं. जावयाले हलकं नाही देलं," म्हणाली, आणि तोंडाला फडकं बांधून जिनात गेली.

बाळ झाल्याचं लगेच कळव. माझ्या वाट्याची माया सध्या आईकडे पाठव.

तुझा,
धर्मपाल