रघुच्या किंकाळीतला खंड

बदलापूर,
ता. ६ फेब्रुवारी १९९४

चि. अंजना हिस, दादाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तू रघुबरोबर पाठवलेले पापड पोचले आणि त्याच पिशवीतून तुझ्या चिरंजीवांच्या बँडची कॅसेटही पोचली. पापड चांगले होते.

कॅसेट मी शेवटपर्यंत ऐकली, कारण न ऐकता नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही. ऐकून ठेवतो. चार गाणी आहेत. गिटारवाल्या सिंधी पोराला निदान तारा किती ते माहीत असावं, ड्रमवाला पत्रे ठोकतो, आणि आपला रघु ओरडतो. पहिल्या गाण्यात दाढ दुखत असल्यासारखा, दुसऱ्यात दारात बोट सापडल्यासारखा. शब्द इंग्रजी असावेत अशी माझी समजूत आहे. चौथ्यात तर कहर. तिथे शब्दच नाहीत, नुसती एक किंकाळी, आणि तीही धड नाही. चढत जाते आणि ऐन वर गेल्यावर कापल्यासारखी बंद पडते. मला वाटलं टेप गुंडाळली. उठून बघतो तर टेप फिरते आहे. मग तीच किंकाळी परत सुरू, ती लांबत लांबत संपते. एवढा खंड काढून टाकायची अक्कल नाही आणि म्हणे रेकॉर्डिंग केलं!

मी तीस वर्षं गायन पार्टी चालवतो. जयंतीला पहिल्या गाण्याआधी मी ललकारी दिली की स्टेशनापलीकडची माणसं चपला शोधायला लागायची. तो वरचा सूर आता माझ्याने लागत नाही, हे तुलाच सांगतो. माझ्यामागे पेटी रघुकडे जावी असं मनात होतं, कारण आपल्या बाबांचा गळा घरात त्या एकट्याला मिळाला. तो गळा तो कॅम्प तीनमधल्या जीन्सच्या गाळ्यात फाडतो आहे. तेव्हा चौदा एप्रिलपर्यंत त्याने बँड सोडावा. नाही तर पेटी पार्टीतल्या कमळाकरला देईन, आणि भाच्याने पापड पोचवायलाही या दारात येऊ नये. कमळाकर बेसूर आहे, पण तो निदान गायचा प्रयत्न करतो.

तुझी वहिनी बरी आहे. बारवी धरणात पाणी पुष्कळ आहे म्हणतात, आमच्या नळाला मात्र अजून कुणी कळवलेलं नाही.

लोभ आहेच, तो तुझ्या पोरापायी आटू देऊ नकोस.

तुझा दादा,
भगवान


उल्हासनगर, कॅम्प ३,
ता. १४ फेब्रुवारी १९९४

ती. दादास, अंजनाचा सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र वाचून रघु हसला आणि मग जेवला नाही. तुझ्या पार्टीतला भीमराव ढोलकी वाजवता वाजवता डुलक्या घेतो, त्याला तू आजवर काही बोलला नाहीस. सगळी जीभ भाच्यासाठी राखून ठेवली आहेस.

मलाही ते ओरडणं आवडतं असं समजू नकोस. शेजारची राजाबाई विचारते की पोराच्या पायावर तेल सांडलं का. गाळ्याचा शेठ म्हणाला की बाई, छोकऱ्याला डॉक्टरला दाखव. मी मान खाली घालून जीन्सचे धागे कापत राहते. चौथं गाणं तर तो मला ऐकूच देत नाही. पण तो खंड चुकून राहिलेला नाही. मित्र पुसायला निघाले तेव्हा हा त्यांच्याशी भांडला म्हणे. का, ते सांगत नाही.

त्याला पेटी हवी आहे दादा, आणि मामाही हवा आहे. बँड आणि पेटी दोन्ही करीन म्हणतो. त्याला बाप नाही. तू दार लावलंस तर मलाही माहेर उरणार नाही, एवढं ध्यानात घे आणि मग काय ते ठरव.

वहिनीला जयभीम सांग. राग थोडा, लोभ जास्त असू दे.

तुझी बहीण,
अंजना


बदलापूर,
ता. २७ फेब्रुवारी १९९४

चि. अंजना हिस, दादाचा जयभीम. वि. वि.

एक गंमत लिहितो. रविवारी पार्टीची मंडळी चहाला आली होती. करमणूक म्हणून मी रघुची कॅसेट लावली. भीमराव जागा झाला, यावरून आवाजाची कल्पना कर. कमळाकर कानात बोटं घालून लोळत होता.

चौथं गाणं लागलं आणि तुझी वहिनी पिठाच्या हातांनी धावत बाहेर आली. अंजनाताई कधी आल्या, काय झालं, असं विचारत थेट दारात जाऊन बघायला लागली. ही कॅसेट आहे, रघुचा आवाज आहे, असं मी परोपरीने सांगितलं. ती ऐकेना. हा आवाज मी अंबरनाथच्या गेटवर ऐकलाय म्हणाली आणि भिंतीला टेकून बसली. त्या दिवशी भाकरी झाल्या नाहीत. पार्टीवाल्याची बायको, आणि गळा कुणाचा तेही हिला कळू नये! तू अशी कधी ओरडलीस? मला तर आठवत नाही. तूच तिला चार ओळी लिहून समजाव.

बँडचं काय ठरलं ते कळव. पेटीकडे कमळाकर हल्ली डोळे लावून बघतो आहे.

लोभ वाढवायचा की नाही ते रघुच्या हातात.

तुझा दादा,
भगवान


उल्हासनगर, कॅम्प ३,
ता. ८ मार्च १९९४

ती. दादास, अंजनाचा जयभीम. वि. वि.

वहिनीला मी काही समजावणार नाही. रघु बाहेर गेल्यावर मी चौथं गाणं लावलं. गळा त्याचा आहे. ओरडणं माझं आहे.

तुला आठवत नाही, तर मी सांगते. अठ्ठ्याहत्तर साली अंबरनाथच्या त्या कंपनीत बॉयलर फुटला आणि रघुच्या बाबांना चादरीत गुंडाळून गेटवर आणलं. वहिनी माझ्या शेजारी होती. रघु पाच वर्षांचा, माझा पदर धरून उभा. मी ओरडले. तू माझ्या तोंडावर हात दाबलास आणि म्हणालास की साहेब बघताहेत, तमाशा नको. मी गप्प झाले. घरी येऊन चूल पेटवली, धागे कापायला लागले, पोर वाढवलं. पुन्हा कधी ओरडले नाही.

तुला टेप बिघडल्यासारखी वाटली ना, ती जागा तुझ्या हाताची आहे. त्यापुढे जे लांबत जातं ते माझं आत राहिलेलं. माझ्या पोराने ते पुरं केलं. मी त्याला विचारलं, तर इंग्रजी कॅसेटवरून शिकलो म्हणाला आणि कान खाजवायला लागला. खोटं बोलताना तो कान खाजवतो.

तीस वर्षं कान तयार केलास आणि सख्ख्या बहिणीचं ओरडणं ओळखलं नाहीस. पेटी खुशाल कमळाकरला दे. माझा रघु बँड सोडणार नाही. आता मीच त्याला सोडू देणार नाही.

लोभ ठेव असं लिहायचं आज जिवावर आलं आहे.

अंजना


बदलापूर,
ता. २९ मार्च १९९४

चि. अंजना हिस, दादाचा जयभीम. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. तुझी वहिनी चांगुणा घरात नसली की कॅसेट लावत होतो. गिटार अजूनही भिकार आहे. ड्रमवाल्याला खरोखरच पत्र्याच्या दुकानात बसवा.

गेट आठवलं. फार वाईट वाटलं, ते कसं लिहायचं मला येत नाही.

रागाच्या भरात पेटी कमळाकरच्या घरी नेऊन ठेवली होती, ती परत आणली. तो रडला, तेही बेसूर. चौदा एप्रिलला ललकारी मी देणार नाही, रघु देईल. गाणं नको, शब्द नकोत, ती किंकाळीच दे म्हणावं. लोक नावं ठेवतील. ठेवू देत, ते काम आजवर मी एकट्यानेच केलं. बँडची पोरंही आली तर चांगुणा जेवायला वाढील. तू पुढे बस, तिच्याशेजारी.

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.

तुझा दादा,
भगवान

ता. क. रघुला सांग, ऐन वर गेल्यावर या वेळी थांबायचं नाही. माझे दोन्ही हात पेटीवर असतील.